पोट तिचं, सही कुणाची?

दवाखान्यातल्या बाकावर माझ्यासमोर एक जोडपं बसलं होतं. तिला सातवा लागला असावा. हातात कॉफीचा कागदी कप. शेजारच्या बाई बराच वेळ त्या कपाकडे बघत होत्या, शेवटी न राहवून म्हणाल्याच, "कॉफी पिताय? या दिवसांत?" ती ओशाळली आणि तिनं कप बाकाखाली सरकवला. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन, म्हणजे साधारण एखाद-दोन कप कॉफी, गरोदरपणात चालते असं डॉक्टर सांगतात. पण ते जाऊ दे. तिच्या नवऱ्याच्या शर्टाच्या खिशातून सिगारेटचं पाकीट डोकावत होतं. घरात कुणी ओढत असेल तर त्या धुराचा त्रास पोटातल्या बाळालाही होतो, आणि त्याचे पुरावे कॉफीच्या पुराव्यांपेक्षा कितीतरी भक्कम आहेत. त्या पाकिटाबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

कपाला टोकलं, पाकिटाला नाही. असं का होतं, ते समजून घ्यायचा हा प्रयत्न.

बाईच्या शरीरावर समाजाचं नियंत्रण असतं, असं म्हटलं की डोळ्यांसमोर धाक, मारहाण, कोंडून ठेवणं येतं. तेही असतंच. पण गरोदर बाईच्या बाबतीत नियंत्रण बहुतेक वेळा काळजीची भाषा बोलतं. तुझ्या भल्यासाठी, बाळाच्या भल्यासाठी. त्यामुळे ते ओळखू येत नाही, आणि ओळखू आलं तरी झिडकारता येत नाही, कारण काळजी करणाऱ्यावर रागवायचं कसं? समाजशास्त्रात यासाठी जैवसत्ता असा एक शब्द वापरतात. जुना राजा जीव घेण्याची धमकी देऊन राज्य करायचा. आधुनिक सत्ता जीव मोजते, त्याचं वजन करते, नोंद ठेवते, त्याला वाढवते. जन्मदर किती, पहिल्या तपासणीला कितव्या आठवड्यात आली, वजन किती वाढलं. या मोजण्यामुळे लाखो बायका आणि बाळं वाचली आहेत, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं सगळं वाचताना कुणाला वाटेल की तपासणीला जाऊच नका असं माझं म्हणणं आहे. प्रश्न मोजण्याचा नाही. मोजल्यावर ठरवायचं कुणी, याचा आहे.

आधी दोन खटले सांगतो. ते शेजारी शेजारी ठेवले की मामला उघडा पडतो.

पहिला १९७८चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. मॅकफॉल नावाच्या माणसाला रक्ताचा जीवघेणा आजार झाला होता. अस्थिमज्जा मिळाली तर वाचण्याची आशा होती आणि ती जुळत होती फक्त त्याच्या एका चुलत भावाशी. भावानं नकार दिला. मॅकफॉल कोर्टात गेला. न्यायाधीशांनी भावाच्या वागण्याला नैतिकदृष्ट्या अक्षम्य म्हटलं, पण सक्ती करायला साफ नकार दिला. एका माणसाला वाचवण्यासाठी दुसऱ्याच्या शरीरात कायद्यानं सुई खुपसायची नसते, असा एकूण अर्थ. थोड्याच दिवसांत मॅकफॉल गेला.

दुसरा १९८७चा, वॉशिंग्टन शहरातला. अँजेला कार्डर ही सत्तावीस वर्षांची बाई कॅन्सरनं मरणाच्या दारात होती आणि सव्वीस आठवड्यांची गरोदर होती. रुग्णालयानं कोर्टाला विचारलं, सिझेरियन करायचं का? तिचा नवरा, तिचे आईवडील, तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर, सगळे नको म्हणत होते. तिनं स्वतःही, शुद्धीवर असताना, अखेरीस नको म्हटलं. कोर्टानं शस्त्रक्रियेचा हुकूम दिला. बाळ दोनेक तास जगलं. दोन दिवसांनी ती गेली. १९९०मध्ये वरच्या कोर्टानं तो हुकूम चुकीचा ठरवला, पण तोवर सगळंच संपलं होतं.

या ठिकाणी वाद बहुतेक वेळा भलत्याच वाटेनं जातो. गर्भ माणूस आहे की नाही, कितव्या आठवड्यापासून, वगैरे. तो वाद खरा आहे आणि मोठा आहे. पण क्षणभर गर्भाला पूर्ण माणूस मानू. मॅकफॉलही पूर्ण माणूसच होता. तरी त्याला भावाच्या मज्जेचा हिस्सा हक्कानं मागता आला नाही. इतकंच काय, मेलेल्या माणसाची किडनी काढायची तर बऱ्याच देशांत त्यानं जिवंतपणी दिलेली किंवा घरच्यांनी दिलेली संमती लागते. म्हणजे एकाचं शरीर दुसऱ्याच्या उपयोगाला सक्तीनं लावायचं नाही, हा नियम इतका पक्का आहे की प्रेतालाही त्याचं संरक्षण मिळतं. गरोदर बाईपाशी आला की हा नियम डळमळतो. तिचं शरीर तिचं न राहता एक जागा होतं, जिच्यात दुसरं कुणीतरी राहतंय. आणि जागेला कुणी मत विचारत नाही.

२०१२मध्ये आयर्लंडमध्ये हे पुन्हा दिसलं. सविता हलप्पनवार, मूळची कर्नाटकातली, व्यवसायानं दंतवैद्य, सतरा आठवड्यांची गरोदर. गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिनं गर्भपात मागितला. पण ठोके सुरू होते, आणि त्या देशाच्या घटनेत १९८३च्या आठव्या दुरुस्तीनं आई आणि गर्भ यांचा जगण्याचा हक्क समान ठरवला होता. वाट बघितली गेली. संसर्ग रक्तात पसरला आणि एकतीस वर्षांची सविता गेली. मे २०१८मध्ये आयर्लंडनं सार्वमत घेऊन ती दुरुस्ती रद्द केली. ६६ टक्क्यांहून जास्त लोकांनी रद्द करण्याच्या बाजूनं मत दिलं. समान हक्क हे शब्द कागदावर न्याय्यच वाटतात. पण ज्या दोघांपैकी एक दुसऱ्याच्या आत आहे, तिथं समान हक्काचा प्रत्यक्षातला अर्थ असा झाला की बाईकडे बघायच्या आधी डॉक्टर कायद्याकडे बघू लागले.

सरकारचा नळ

सरकारांना बायकांच्या गर्भाशयात रस का? उत्तर सरळ आहे. माणसं तिथून येतात. सैनिक, कामगार, करदाते, मतदार, सगळे. त्यामुळे माणसं कमी पडली की नळ सोडायचा, जास्त झाली की बंद करायचा, असं धोरण जगभर चालत आलं आहे.

रोमानियाचं उदाहरण अंगावर काटा आणणारं आहे. १९५७पासून तिथं गर्भपात कायदेशीर होता. ऑक्टोबर १९६६मध्ये हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारनं ७७० क्रमांकाचा फतवा काढून तो जवळपास बंद केला. वय ४५च्या पुढे असेल, चार मुलं झालेली असतील, किंवा जिवाला धोका, बलात्कार अशी मोजकी कारणं असतील, तरच परवानगी. गर्भनिरोधकं दुकानांतून गायब झाली. पंचविशी ओलांडलेल्या निपुत्रिकांवर कर बसला. पुढे १९८०च्या दशकात कारखान्यांत बायकांच्या स्त्रीरोग तपासण्या होऊ लागल्या, कुणाला दिवस गेलेत हे आधीच कळावं म्हणून. लोक त्या पथकांना पाळीचे पोलीस म्हणायचे.

पहिल्या वर्षी नळ धो धो वाहिला. १९६६मध्ये पावणेतीन लाखांच्या आसपास जन्म झाले होते, १९६७मध्ये सव्वापाच लाखांच्या वर. त्यानंतर आकडे पुन्हा घसरायला लागले, कारण बायकांनी चोरवाटा शोधल्या. त्या चोरवाटांवर सुमारे दहा हजार बायका मेल्या असा अंदाज आहे. मातामृत्यूंत रोमानिया युरोपात पहिल्या नंबरवर गेला. डिसेंबर १९८९मध्ये चाउशेस्कूची सत्ता कोसळल्यावर नव्या सरकारनं अगदी सुरुवातीच्या दिवसांतच हा फतवा रद्द केला, आणि पुढच्या एकाच वर्षात मातामृत्यूचं प्रमाण निम्म्यावर आलं. नवी औषधं आली नव्हती, नवी रुग्णालयं उभी राहिली नव्हती. एक कागद फाडला होता.

चीनची गोष्ट उलट दिशेची. १९८०पासून एकच मूल. पहिल्या बाळंतपणानंतर तांबी, दुसऱ्यानंतर नसबंदी, हा तिथला रिवाजच झाला होता. मग तरुण माणसं कमी पडू लागली. २०१६पासून दोन मुलांना परवानगी, २०२१मध्ये तीन. ज्या सरकारनं आईला एकावर थांबवलं, तेच आता तिच्या मुलीला तीनचा आग्रह करतंय. एका पिढीत नळ पूर्ण उलटा फिरला, आणि दोन्ही वेळा तो फिरवणारा हात एकच होता.

नळ सगळ्यांसाठी सारखा नसतो, ही त्यातली आणखी एक मेख. नाझी जर्मनीनं १९३८मध्ये मातांसाठी पदक सुरू केलं: चार मुलांना कांस्य, सहांना रौप्य, आठांना सुवर्ण. त्याच राजवटीनं १९३३च्या कायद्यानं सुमारे चार लाख स्त्रीपुरुषांची सक्तीनं नसबंदी केली, कारण त्यांची मुलं नको होती. हे फक्त हुकूमशहाच करतात असं म्हणायची सोय नाही. स्वीडनसारख्या देशात १९३०च्या दशकापासून १९७०च्या दशकापर्यंत सुमारे ६३ हजार नसबंद्या झाल्या, बहुतेक बायकांच्या, आणि त्यांतल्या कित्येक दबावाखाली. पेरूमध्ये १९९०च्या दशकात दोन लाखांहून जास्त बायकांच्या झाल्या, मुख्यतः गरीब आणि आदिवासी. कुणाच्या पोटाला पदक आणि कुणाच्या पोटाला टाका, हे वर बसलेल्यांनी ठरवायचं.

आणि जिथं दबाव नाही असं आपण समजतो, तिथंही ओझं कुणीकडे झुकतं ते बघा. आणीबाणीत, १९७६-७७ साली, भारतात झालेल्या नसबंद्यांत बहुसंख्य पुरुषांच्या होत्या. त्या सक्तीविरुद्ध असा संताप उसळला की त्यानंतर कुठल्याच सरकारनं पुरुषांच्या वाटेला जायची हिंमत केली नाही. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित बायकांपैकी जवळपास ३८ टक्के जणींची नसबंदी झालेली होती. नवऱ्याची नसबंदी झालेल्या: ०.३ टक्के. पुरुषाची शस्त्रक्रिया जास्त सोपी, जास्त सुरक्षित, आणि तीत पोट उघडावं लागत नाही. पुरुषांवर सक्ती झाली तेव्हा सरकार पडलं. तीच गोष्ट बायकांकडे सरकली, आणि तिचं नाव कुटुंब कल्याण झालं.

कारखान्याच्या दारात

१९०५मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं न्यूयॉर्कचा एक कायदा रद्द केला. बेकरी कामगारांना दिवसाला दहा तासांहून जास्त राबवायचं नाही, असा तो कायदा होता. कोर्ट म्हणालं, किती तास काम करायचं हे माणसाचं स्वातंत्र्य आहे, सरकारनं मधे पडू नये. तीनच वर्षांनी, १९०८मध्ये, त्याच कोर्टापुढे ओरेगनमधल्या लाँड्रीचा खटला आला. इथं मर्यादा होती बायकांसाठी, दहा तासांचीच. या वेळी कोर्टानं कायदा उचलून धरला. का? तर सुदृढ संततीसाठी सुदृढ आई हवी, म्हणून बाईचं शरीर हा सार्वजनिक हिताचा विषय आहे.

लाँड्रीतल्या बायकांना याचा फायदाच झाला असणार, हे खरं. दहा तास उकळत्या पाण्यापाशी उभं राहणाऱ्या बाईला तत्त्वचर्चेपेक्षा अकरावा तास टळल्याचं मोल जास्त. पण तर्क बघा. बेकरीवाल्याला माणूस म्हणून स्वातंत्र्य, आणि लाँड्रीवालीला संरक्षण, तेही तिच्यासाठी नाही, अजून जन्माला न आलेल्या कुणासाठी तरी.

ही पायवाट पुढे कुठं गेली? १९७८मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या एका रंगाच्या कारखान्यानं ठरवलं की शिशाशी संबंध येणाऱ्या विभागात मूल होऊ शकेल अशी बाई ठेवायची नाही. पाच बायकांनी नोकरी टिकवण्यासाठी नसबंदी करून घेतली. १९८२मध्ये जॉन्सन कंट्रोल्स या बॅटरी बनवणाऱ्या कंपनीनं असाच नियम केला: वंध्यत्वाचा वैद्यकीय दाखला आणा, नाहीतर हे काम नाही. पन्नाशीतली बाई असली, पुढं मूल नको म्हणणारी असली, तरी दाखला हवाच.

शिसं गर्भाला घातक असतं, यात शंका नाही. पण ते वीर्यालाही बाधतं. त्या बॅटरी कंपनीतल्या एका पुरुष कामगारानं, मूल व्हावं म्हणून, रक्तातलं शिसं कमी करण्यासाठी काही काळ सुट्टी मागितली होती. त्याला ती मिळाली नाही. बापाच्या शरीराचा मुलाशी काही संबंध असू शकतो हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं. कारखाना स्वच्छ करायचा, हा तिसरा मार्ग महाग होता. बाईला बाहेर काढणं स्वस्त. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नियम बेकायदा ठरवला आणि म्हटलं, होणाऱ्या मुलांच्या भल्याचे निर्णय आईबापांवर सोपवा, मालकांवर नाही.

एक मुद्दा मला नेहमी खुपतो. नर्सेसना भुलीच्या वायूंचा, औषधांचा, कधी क्ष-किरणांचा संपर्क येतो. तिथं बायकांना मज्जाव करावा असं कुणाला सुचलं नाही. मज्जाव केला असता तर कामाला कोण उरलं असतं? गर्भाची काळजी जास्त पगाराच्या, पुरुषांच्या मानल्या गेलेल्या कामांच्या दारातच जागी झाली.

खाटेच्या पायथ्याचा कागद

आता लेबर रूममध्ये जाऊ. खाटेपाशी एक कागद अडकवलेला असतो, पार्टोग्राम. आडवे तास, उभे सेंटीमीटर. दर काही तासांनी तपासणी होते, पिशवीचं तोंड किती उघडलं ते बघून कागदावर एक फुली पडते. फुल्या जोडत गेलं की एक रेष वर चढताना दिसते. पण त्या कागदावर दोन तिरप्या रेषा आधीच छापलेल्या असतात. पहिली म्हणते, तासाला एक सेंटीमीटर. दुसरी तिच्यापासून चार तास उजवीकडे. तुमची रेष पहिलीच्या उजवीकडे रेंगाळली की डॉक्टर सावध होतात. दुसरीला जाऊन टेकली की काहीतरी करायची वेळ आली असं धरलं जातं: कळा वाढवायचं सलाईन, नाहीतर सिझेरियन.

या रेषा आल्या कुठून? १९५०च्या दशकात न्यूयॉर्कच्या फ्रीडमन नावाच्या डॉक्टरनं पहिलटकरणींच्या कळांचा आलेख काढला. १९५५च्या त्याच्या अभ्यासात पाचशे जणी होत्या. १९७२मध्ये आफ्रिकेत, तेव्हाच्या ऱ्होडेशियात, फिलपॉट आणि कासल यांनी त्यावर या दोन रेषा आणल्या. हेतू उत्तम होता. आडगावच्या केंद्रातल्या सुईणीला कळावं की बाळ अडलंय, आता मोठ्या दवाखान्यात हलवायला हवं. त्यानं जीव वाचले. पण धोक्याचा इशारा म्हणून काढलेली रेष हळूहळू वेळापत्रक झाली. जी बाई तासाला एक सेंटीमीटरनं उघडत नाही ती कमी पडतेय, तिच्यात प्रगती नाही. डॉक्टरी भाषेत याला खरोखरच तसंच म्हणतात: प्रसूतीत प्रगती नाही.

२०१८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की तासाला एक सेंटीमीटर हा वेग काही बायकांसाठी अवाजवी आहे आणि फक्त त्यावरून हस्तक्षेप करू नये. २०२०मध्ये त्यांनी नवा तक्ता काढला. तो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वरच्या चार ओळींपाशी थबकलो. सोबत कुणी आहे का. वेदना कमी करायला काही दिलं का. पाणी प्यायला दिलं का. ती कोणत्या स्थितीत आहे, पडून की हिंडतेफिरते. इतक्या वर्षांच्या मोजमापात ही चार घरं नव्हती.

पाठीवर झोपवून, पाय वर बांधून बाळंतपण करण्याची पद्धत तपासणाऱ्याच्या सोयीची आहे. कळा देणारीला उकिडवं, ओणवं किंवा कुशीवर जास्त सोपं जाऊ शकतं. बाळाला वाट मोठी व्हावी म्हणून योनीमुखाशी सरसकट छेद घेऊ नये हेही आता सांगितलं जातं. तरी कितीजणींना छेद घेतल्याचं टाके घालताना कळतं. ओरडलीस तर बाळाला लागेल, असं म्हणून गप्प केलेल्या बाईला पुढं कुणी विचारलं तर ती म्हणते, जाऊ दे, बाळ धडधाकट आहे ना. व्हेनेझुएलानं २००७मध्ये अशा वागणुकीला कायद्यात नाव दिलं, प्रसूतीतली हिंसा. असं नाव देणारा तो पहिला देश.

औषधांच्या बाबतीत काळजीनं वेगळाच घोळ घातला. १९५७मध्ये जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारात आलं, मळमळीवर म्हणून गरोदर बायकांनीही घेतलं, आणि १९६१मध्ये मागे घेईपर्यंत दहा हजारांहून जास्त बाळं हातपाय खुरटलेली किंवा इतर व्यंगांसह जन्मली. धडा काय घ्यायला हवा होता? औषध बाजारात आणायच्या आधी नीट तपासा. अमेरिकेत १९७७मध्ये औषध प्रशासनानं याच्या उलट केलं: मूल होऊ शकेल अशा वयाच्या बायकांना सुरुवातीच्या औषधचाचण्यांतून वगळा. हे १९९३पर्यंत चाललं. परिणाम असा की औषधं पुरुषांवर तपासली आणि बायकांना दिली. झोपेच्या एका प्रचलित औषधाचा बायकांसाठीचा डोस २०१३मध्ये निम्मा करावा लागला, कारण त्यांच्या शरीरातून ते सावकाश उतरतं आणि सकाळी गाडी चालवतानाही अंमल राहतो हे तोवर पक्कं झालं होतं. ते औषध वीसेक वर्षं विकलं जात होतं.

गरोदर नसतानाही

नियंत्रण नऊ महिन्यांपुरतं असतं असं नाही. २०१६मध्ये अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्रानं सल्ला दिला की गर्भनिरोधक न वापरणाऱ्या, मूल होऊ शकणाऱ्या बायकांनी दारू पिऊच नये. गरोदरपणात दारू घातक आहे, बाळाच्या मेंदूवर तिचा परिणाम होतो, याबद्दल वाद नाही. पण सल्ला ऐकून बायका भडकल्या, कारण त्यात पंधरा ते चव्वेचाळीस वयाची प्रत्येक बाई ही अजून गरोदर न झालेली गरोदर बाई ठरत होती.

याच्याशी फोलिक अॅसिडची गोष्ट ताडून बघा. बाळाचा मणका आणि मेंदू ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर अठ्ठावीस दिवसांत मिटते. तेव्हा पुष्कळ बायकांना दिवस गेल्याचं माहीतही नसतं. फोलिक अॅसिड आधीपासून मिळालं तर व्यंगं टळतात, हे १९९१पर्यंत पक्कं झालं. आता दोन रस्ते. प्रत्येक बाईला वर्षानुवर्षं गोळीची आठवण करत राहायचं आणि विसरली की दोष द्यायचा. किंवा १९९८पासून अमेरिकेत केलं तसं, गिरणीतच पिठात ते मिसळायचं. पीठ सगळे खातात. कुणाला लाजवावं लागलं नाही, कुणाच्या आयुष्यात डोकवावं लागलं नाही, आणि व्यंगं कमी झाली. म्हणून असा कुठलाही नियम, सल्ला, टोमणा समोर आला की मी आधी बघतो: हे काम पिठानं होऊ शकलं असतं का? कारखाना, सरकार, बाप, यांच्याकडे काही मागितलंय का, की सगळी फर्माईश तिच्याकडेच?

बाळ बाहेर आल्यावर

पोटात असताना बाळाचं घर असलेली बाई, बाळ बाहेर आलं की त्याचं कारण होते. मूल जे होईल ते तिच्यामुळे. १९४०च्या दशकात स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, वर्णन झालं तेव्हा पाठोपाठ तज्ज्ञांनी सांगायला सुरुवात केली की या मुलांच्या आया थंड असतात. फ्रिजसारख्या आई, असा शब्दच रूढ झाला. स्वमग्नता जन्मजात जडणघडणीतून येते हे नंतर स्पष्ट झालं. मधली दोन-अडीच दशकं हजारो आया, आपण मुलाला पुरेसं जवळ घेतलं नाही म्हणून तो बोलत नाही, असं मानून जगल्या. त्यांची माफी कुणी मागितली?

सल्ला आणि सवड यांच्यातली दरी तर साध्या बेरीज-वजाबाकीनं दिसते. पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध द्या, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा २०००चा करार बाळंतपणाची किमान रजा सांगतो: चौदा आठवडे. दोन्ही एकाच संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखालच्या संस्था. मधले बारा आठवडे बाईनं स्वतःच्या अंगातून काढायचे. पंप, फ्रीज, ऑफिसातली स्टोअर रूम, भिजलेला ब्लाउज. अमेरिकेत तर देशपातळीवर पगारी बाळंतरजाच नाही. १९९३च्या कायद्यानं बारा आठवडे मिळतात, तेही बिनपगारी आणि सगळ्यांना नाहीत. भारतात २०१७पासून सव्वीस आठवडे आहेत, पण शेतात, बांधकामावर, दुसऱ्याच्या घरी भांडी घासणारीला त्यांचा काय उपयोग? आणि जिथं लागू आहेत तिथं बहुतेकदा खर्च मालकाच्या माथी, त्यामुळे मुलाखतीत "लग्न झालंय का" हा प्रश्न पगाराच्या आधी येतो.

जिला मूल नको आहे तिची तऱ्हा वेगळी नाही. नसबंदी मागायला गेली की डॉक्टर म्हणतात, नंतर पस्तावशील. मूल हवं म्हणणारीला पस्तावशील असं कुणी म्हणत नाही, आणि खरं तर तो निर्णय जास्त न बदलता येणारा आहे.

आता कॉफीवरून टोकणाऱ्या त्या बाईंकडे परत येतो, कारण त्यांच्यावर मी जरा अन्याय केला. हे नियम राबवणारे हात बहुतेकदा बायकांचेच असतात, आणि त्यावरून बाईच बाईची वैरीण असं म्हणून मोकळं व्हायला सोपं पडतं. पण आयुष्यभर ज्या माणसाचं कुठल्याच बाबतीत कुणी ऐकलं नाही, त्याला एकाच विषयात जाणकार मानलं गेलं, तर तो विषय तो सोडेल का? बाळंतपण ही कित्येक बायकांना मिळालेली एकुलती एक अधिकाराची जागा आहे. त्यांच्याही हातातला कप कुणीतरी कधीतरी असाच खाली ठेवायला लावलेला असतो.

आणि सर्वांत कडक पहारा आतूनच बसतो. सातव्या महिन्यातली ती मुलगी दुसऱ्या दिवशी कॉफी घेणार नाही, आसपास कुणी नसलं तरी. बाळ थोडं कमी हललं तर तिला आदल्या आठवड्यातला तो अर्धा कप आठवेल.

कायद्यात कधी कधी तिची बाजू अगदी स्वच्छ लिहिलेली असते. जपानमध्ये गर्भपाताला अजून सर्वसाधारणपणे नवऱ्याची संमती लागते. भारतात १९७१च्या कायद्यानं ती लागत नाही. बाई अठरा वर्षांची आणि समजत्या मनाची असेल तर तिची एकटीची संमती पुरते. लग्न झालेली असो वा नसो. त्यासाठीचा जो ठरलेला फॉर्म आहे तो साधा, छोटा आहे. नाव, वय, पत्ता, आणि खाली तिची सही. नवऱ्याच्या सहीसाठी त्यावर ओळच नाही.

खिडकीपलीकडचा माणूस तो फॉर्म हातात घेतो, वरून खाली बघतो आणि विचारतो, "मिस्टर आलेत का?"